पेटीवर नाव नसलेले निर्यातदार

न्हावाशेवाच्या बंदरातून परदेशी रवाना होणाऱ्या कंटेनरांत सांगलीची हळद असते, सोलापूरचे टॉवेल असतात, नाशिक-सांगली पट्ट्यातील द्राक्षे आणि बेदाणे असतात, कोल्हापूरच्या भट्ट्यांत ओतलेले लोखंडी सुटे भागही असतात. कागदपत्रांवर निर्यातदार म्हणून बहुधा एकाच पेढीचे किंवा कंपनीचे नाव असते. त्या नावामागे हळद शिजवून वाळवणारे शेतकरी, ती पारखून प्रत लावणारे अडते, पॉलिश करणारे कारखानदार, आठ-दहा मागांवर टॉवेल विणणारे घरगुती उद्योजक, शिलाई आणि बांधणी करणाऱ्या महिला अशी माणसांची दीर्घ ओळ उभी असते. परकीय चलन देशात येते ते या ओळीच्या श्रमांतून. पेटीवर मात्र त्यांचे नाव नसते.

विकसनशील देशाच्या निर्यातीत लहान आणि मध्यम उद्योगांचे स्थान काय, याचा विचार या ओळीपासूनच सुरू करावा लागतो. केंद्र शासनाच्या आकडेवारीप्रमाणे भारताच्या एकूण मालनिर्यातीत सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांशी संबंधित मालाचा वाटा २०२०-२१ मध्ये सुमारे ४९ टक्के होता, २०२२-२३ मध्ये तो ४४ टक्क्यांच्या आसपास आला आणि २०२३-२४ मध्ये पुन्हा ४५ टक्क्यांच्या वर गेला. म्हणजे परदेशी जाणाऱ्या दर शंभर रुपयांच्या मालापैकी जवळजवळ निम्मा माल या क्षेत्राशी निगडित आहे. ज्या देशात भांडवल दुर्मिळ आणि हात पुष्कळ, त्या देशात हे स्वाभाविकही आहे. मोठ्या स्वयंचलित कारखान्यात जेवढ्या भांडवलावर एका माणसास काम मिळते, तेवढ्याच भांडवलावर लहान कारखान्यात अनेकांची चूल पेटते.

व्यापारी कुटुंबांना या विषयाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. तथापि गेल्या काही वर्षांत या साखळीवर जे ताण आले, त्यांतून एक गोष्ट पुन्हा स्पष्ट झाली आहे. लहान उद्योगाची निर्यात यंत्रावर जेवढी उभी असते, त्याहून अधिक ती पतीवर उभी असते. मालाच्या शुद्धतेची पत, शब्दाची पत आणि वेळेवर पैसे देण्याची पत, या तिहींपैकी एक जरी ढासळली तरी साखळी तुटते, आणि तुटताना ती सर्वांत लहान कडीपाशी तुटते.

लहान कोणास म्हणावे?

शासकीय व्याख्येप्रमाणे उद्योग लहान की मोठा हे यंत्रसामग्रीतील गुंतवणूक आणि वार्षिक उलाढाल या दोन मापांनी ठरते. १ एप्रिल २०२५ पासून ही मापे वाढविण्यात आली. आता अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असणारा उद्योग सूक्ष्म. २५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १०० कोटींपर्यंत उलाढाल असणारा लघु. तर १२५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि ५०० कोटींपर्यंत उलाढाल असणारा मध्यम मानला जातो. विशेष म्हणजे उलाढाल मोजताना निर्यातीची रक्कम वगळली जाते. निर्यात वाढली म्हणून लघुउद्योगाचा दर्जा आणि त्यासोबतच्या सवलती गमवाव्या लागू नयेत, हा त्यामागील हेतू आहे. निर्यात वाढल्यास वर्गवारी बदलेल या धास्तीने हात आखडता घेणाऱ्यांनी ही तरतूद अवश्य समजून घ्यावी.

साखळीचे बळ

लहान माणसांची साखळी जागतिक बाजारपेठ कशी काबीज करू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण समाजाच्या अगदी जवळचे आहे. उत्तर गुजरातमधील पालनपूरच्या जैन कुटुंबांनी मुंबईत हिऱ्यांचा व्यापार उभारला. १९६० नंतरच्या दशकांत त्यांनी असा कच्चा माल उचलला, ज्याकडे युरोपातील कारागिरांचे फारसे लक्ष नव्हते. हे खडे आकाराने इतके बारीक असत की अँटवर्प किंवा तेल अवीव येथील मजुरीच्या दरात त्यांना पैलू पाडणे परवडत नसे. सुरतेत आणि सौराष्ट्रात ते परवडू लागले. शेती सोडून आलेले हजारो तरुण घंटीवर बसून हे काम शिकले. कोणी खड्याची आखणी करी, कोणी त्यास घाट देई, कोणी तळाचे पैलू पाडी, कोणी माथ्याचे. एकेका कारखान्यात मोजक्या घंट्या असत. पण अशा कारखान्यांची एकत्रित शक्ती एवढी वाढली की आज जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिरे, नगांच्या हिशेबाने, भारतात तयार होतात.

या व्यवसायाचा पाया पाहण्यासारखा आहे. व्यापारी लाखो रुपयांची पुडी दुसऱ्याच्या हाती जांगड म्हणून सोपवी. विक्री झाली तर पैसे, न झाली तर माल परत, आणि नोंद एवढीच की एक चिठ्ठी. सुरत-मुंबई दरम्यान मालाची ने-आण आंगडिये करीत. ज्या व्यवहारास अन्यत्र वकील, करारनामे आणि तारण लागले असते, तो येथे शब्दावर होई. हा केवळ भाबडा विश्वास नव्हता. शब्द मोडणाऱ्यास पुन्हा कोणी माल देत नसे, आणि ही शिक्षा न्यायालयाच्या दंडाहून कठोर होती. विश्वासामुळे व्यवहाराचा खर्च घटला, आणि खर्च घटल्यामुळे बारीक खड्याचाही व्यापार किफायतशीर झाला.

याच व्यवसायाने दुसरी बाजूही दाखविली. पैलू पाडलेल्या हिऱ्यांची भारतातून होणारी निर्यात २०२१-२२ मध्ये सुमारे २४ अब्ज डॉलर होती. २०२४-२५ मध्ये ती सुमारे १३ अब्ज डॉलरपर्यंत उतरली. अमेरिका आणि चीन येथील मागणी मंदावली, प्रयोगशाळेत घडविलेल्या हिऱ्यांनी भाव पाडले. मोठ्या पेढ्यांनी आपले साठे आवरले. सुरतेतील काही कारखान्यांनी दीर्घ सुट्ट्या जाहीर केल्या. सुट्टीचा अर्थ रत्नकलाकाराच्या घरी वेगळा असतो. त्याची मजुरी नगावर असते, आणि नग नाही तर मजुरी नाही. साखळीचे बळ ज्या वेगाने वर नेते, त्याच वेगाने तिचे ओझे खालच्या कडीवर येऊन पडते.

दुसऱ्याच्या नावाने निर्यात

सर्वच लहान उद्योजक स्वतः परदेशी माल पाठवीत नाहीत. कोल्हापूर परिसराचे उदाहरण घ्यावे. उद्यमनगरातील कार्यशाळांपासून सुरू झालेली ही ओतकामाची परंपरा आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील औद्योगिक वसाहतींत पसरली आहे. तेथील भट्टीत ओतलेला भाग शेजारच्या यंत्रशाळेत कातला जातो, तेथून तो मोठ्या कारखान्यात जातो, ट्रॅक्टरमध्ये, पंपात किंवा मोटारीत बसतो आणि मग ते यंत्र परदेशी जाते. ओतकाम करणाऱ्याच्या वहीत ही विक्री देशांतर्गत असते. देशाच्या हिशेबात मात्र ती निर्यातीचाच अंश असते. विणकर, रंगारी, शिलाई करणारा, खोके तयार करणारा असे असंख्य उद्योजक या अर्थाने निर्यातदारच आहेत.

या पद्धतीचे लाभ आहेत. परदेशी ग्राहक शोधण्याचा, कागदपत्रांचा, चलनाच्या चढउताराचा त्रास लहान उद्योजकास होत नाही. त्याचे मूल्यही आहे. ग्राहक कोण, त्यास काय हवे, पुढील वर्षी काय लागेल, हे ज्ञान मधल्या पेढीपाशी राहते. नफ्याचा मोठा वाटाही बहुधा तेथेच राहतो. म्हणून ज्या कुटुंबाची तिसरी पिढी आज व्यवसायात येत आहे, त्या कुटुंबापुढे प्रश्न असा असतो की आणखी किती काळ दुसऱ्याच्या नावाने माल पाठवावयाचा? आयात-निर्यात संकेतांक मिळविणे आता ऑनलाइन आणि अल्प खर्चाचे झाले आहे. लहान पुड्यांसाठी टपाल खात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली आहेत. दार उघडणे सोपे झाले आहे. दारातून आत गेल्यावर टिकणे हेच खरे कठीण, आणि त्याचा संबंध मालाच्या शुद्धतेशी येतो.

एका पेटीचा दोष

२०१० साली महाराष्ट्रातील द्राक्षांवर मोठे संकट आले. युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचा अंश तेथील मर्यादेपेक्षा अधिक आढळला. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला, निर्यातदारांचे पैसे बुडाले आणि त्यांच्यामागे शेतकऱ्यांचेही. ज्यांच्या बागेत ते रसायन मर्यादेतच होते, त्यांच्या मालासही ग्राहक मिळेना; कारण परदेशी दुकानदारास बागाईतदाराचे नाव ठाऊक नव्हते, त्यास केवळ ‘भारतीय द्राक्षे’ एवढेच ठाऊक होते.

त्यानंतर तपासणी कडक झाली. प्रत्येक बागेची नोंदणी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत अवशेषांची चाचणी आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत मागोवा घेता येईल अशी ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था अपेडा या केंद्रीय संस्थेने आधीच उभारलेली होती. ती अधिक काटेकोर झाली. आरंभी जाच वाटणारी ही नोंद पुढे बागाईतदाराचे संरक्षण ठरली. दोष कोणत्या बागेचा हे दाखविता येऊ लागले, तेव्हा निर्दोष बागेस शिक्षा होण्याचे कारण उरले नाही. पेटीवर उद्योजकाचे नाव नसले तरी त्याच्या बागेचा क्रमांक आला, आणि त्या क्रमांकाने त्याची पत राखली.

हळदीची गोष्टही अशीच आहे. जगातील हळदीपैकी ७० टक्क्यांहून अधिक उत्पादन भारतात होते, आणि जागतिक व्यापारातील भारताचा वाटा ६० टक्क्यांहून अधिक आहे. २०२३-२४ मध्ये १ लाख ६२ हजार टन हळद आणि हळदीचे पदार्थ निर्यात झाले. त्यांचे मूल्य सुमारे २२ कोटी ६५ लाख डॉलर होते. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कृष्णाकाठच्या हरिपूर येथील जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे साठविण्याची परंपरा या बाजारपेठेने जपली होती. अशा नावलौकिकास धक्का लागतो तो भुकटीतील भेसळीने. हळदीचा रंग खुलावा म्हणून शिशाचे क्रोमेट मिसळण्याचा प्रकार आरोग्यास अत्यंत घातक आहे. विशेषतः लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो. परदेशी प्रयोगशाळेत शिसे सापडले की एका व्यापाऱ्याचाच नव्हे, तर संपूर्ण जिल्ह्याचा माल संशयास्पद ठरतो.

श्रावकाचाराच्या अभ्यासकांस येथे एक गोष्ट सहज आठवेल. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाने ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणला आहे, म्हणजे अस्सल मालात त्यासारखाच दिसणारा हलका माल मिसळणे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात त्यासच ‘सदृशसन्मिश्र’ असे नाव आहे. वजनमापात कमीजास्त करणे हा आणखी एक अतिचार, आणि राज्याचे नियम डावलून व्यापार करणे हाही. भेसळ, खोटी मापे आणि खोटी बिले ही तिन्ही चोरीच्या वर्गात टाकताना शास्त्रकारांनी ग्राहक जवळचा की दूरचा असा भेद केलेला नाही. आजच्या निर्यातीत ग्राहक सात समुद्रांपलीकडे असतो. त्याला व्यापाऱ्याचा चेहरा कधी दिसत नाही. तेव्हा व्रताची कसोटी अधिकच लागते.

अडकलेला पैसा

शुद्धता सांभाळूनही लहान निर्यातदार अडचणीत येतो तो खेळत्या भांडवलामुळे. समजा, टॉवेलच्या एका लहान कारखान्यास ४० लाख रुपयांची मागणी आली. सूत, रंग, वीज आणि मजुरी यांत ३० लाख रुपये प्रारंभीच गुंतले. विणकाम, शिलाई आणि बांधणीस ४५ दिवस लागले. बंदर आणि समुद्रप्रवास यांत आणखी ४५ दिवस. माल पोहोचल्यावर ग्राहकाने ६० दिवसांची उधारी मागितली. एकूण १५० दिवस झाले. दर साल १२ टक्क्यांनी या ३० लाखांचे व्याज सुमारे १ लाख ४८ हजार रुपये होते. इतर सर्व खर्च वजा जाता आणि व्याज धरण्यापूर्वी ८ टक्के नफा सुटत असेल, तर तो ३ लाख २० हजार रुपये. म्हणजे नफ्यातील जवळजवळ निम्मा भाग व्याजातच गेला. ग्राहकाने आणखी ६० दिवस लावले, तर हातात उरतात सुमारे १ लाख १३ हजार. त्यातच एक खोके नाकारले गेले की वर्षाचा हिशेब उलटतो.

येथे अनेक कारखानदार एक मार्ग पत्करतात: स्वतःस मिळेपर्यंत कारागिराचे पैसे थांबविणे. परदेशी ग्राहकाची उधारी अशा रीतीने पायरीपायरीने खाली उतरते आणि शेवटी ज्याच्याकडे राखीव पैसा मुळीच नाही, त्या विणकराच्या किंवा शिलाई करणाऱ्या महिलेच्या घरी येऊन थांबते. तिला बँक कर्ज देत नाही. ती दुकानदाराकडे उधार मागते.

कायद्याने यावर उपाय योजले आहेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाप्रमाणे सूक्ष्म व लघु पुरवठादारास लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. २०२४-२५ या कर आकारणी वर्षापासून प्राप्तिकर अधिनियमाच्या कलम ४३ ब मध्येही तरतूद झाली की, मुदतीत न दिलेली अशी रक्कम ती प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळणार नाही. ही तरतूद आल्यावर काही खरेदीदारांनी नोंदणीकृत लहान पुरवठादारांऐवजी इतरांकडे वळण्यास सुरुवात केल्याच्या तक्रारी बाजारांतून आल्या. कायदा मदतीस येतो. परंतु पुढील मागणी हातची जाईल या भीतीने लहान उद्योजक बहुधा त्याचा आधारच घेत नाही. केवळ व्यापार करणाऱ्या पेढ्यांस या विलंबविषयक संरक्षणाचा लाभ मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

अन्य साधनेही आहेत. मागणी हाती आल्यावर माल तयार करण्यासाठी बँकेचे पॅकिंग क्रेडिट मिळते. परदेशी ग्राहकाने पैसे बुडविल्यास नुकसान झेलण्यासाठी १९५७ पासून कार्यरत असलेली ईसीजीसी ही शासकीय संस्था विमा देते. देशातील मोठ्या कंपनीस माल देणाऱ्या उद्योजकास ‘ट्रेड्स’ या व्यवस्थेवर आपले बिल वटवून पैसे लवकर मिळविता येतात; २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तेथे नोंदणी करणे आता आवश्यक आहे. विम्याचा हप्ता वाचविणारा निर्यातदार बहुधा पहिल्या बुडीत बिलापर्यंतच हुशार ठरतो.

भाडे आणि बोट

निर्यातीचा आणखी एक धागा समाजाच्या इतिहासाशी जोडलेला आहे. १८८२ साली सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापिली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ ही तिची बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. त्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाडी पाडून ही स्पर्धा चिरडण्याचा प्रयत्न केला. माल कोणाचा यासोबतच तो कोणाच्या बोटीतून, कोणत्या भाड्याने जातो, याला व्यापारात किती महत्त्व आहे, हे वालचंदांनी त्या काळी ओळखले होते.

लहान निर्यातदारास ते आजही जाणवते. २०२१ मध्ये कंटेनरांची भाडी कित्येक पटींनी वाढली. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे युरोपकडे जाणारी जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालू लागली आणि प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला. ज्यांनी भाडे आणि विम्यासह भाव कबूल केले होते, त्यांचा नफा समुद्रातच विरला. ज्यांनी बंदरापर्यंतचाच भाव दिला होता, त्यांच्यावर भाड्याचा थेट बोजा आला नाही. कराराच्या अटींतील तीन अक्षरे कधीकधी संपूर्ण हंगामाची कमाई ठरवितात.

एकाच दारावर विसंबू नये

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर प्रथम २५ टक्के आणि नंतर २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के अतिरिक्त शुल्क लावले. तिरुपूरचे होजिअरी कपडे, सुरतेचे हिरे, घरगुती वापराचे कापड अशा श्रमप्रधान मालास त्याचा मोठा फटका बसला. शुल्काचे दर राजकारणाबरोबर कमी-अधिक होतात. परंतु ज्या कारखान्याचा बहुतांश माल एकाच देशात, त्यातही एकाच ग्राहकाकडे जातो, त्याच्यासाठी अशी एक घोषणा पुरेशी असते. मोठी कंपनी दुसऱ्या देशात कारखाना उभारते. लहान उद्योजकाचे माग जेथे आहेत, तेथेच राहतात.

गेल्या काही वर्षांत भारताने दुसरी दारेही उघडली आहेत. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार मे २०२२ पासून आणि ऑस्ट्रेलियाशी झालेला डिसेंबर २०२२ पासून अमलात आला. स्वित्झर्लंड व नॉर्वे यांचा समावेश असलेल्या युरोपीय गटाशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. ब्रिटनशी करारावर जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्या. या सवलती आपोआप मिळत नाहीत. माल भारतातच तयार झाला असे उगमाचे प्रमाणपत्र लागते, कच्च्या मालाचा हिशेब ठेवावा लागतो, मालाचा शुल्कक्रमांक अचूक लिहावा लागतो. हे काम व्यापारी कुटुंबांतील शिक्षित मुले-मुली सहज करू शकतात. वडिलांची बाजारातील ओळख आणि कन्येचे वा पुत्राचे कागदपत्रांतील नैपुण्य एकत्र आले, तर लहान पेढीसही स्वतःच्या नावाने माल पाठविता येईल.

पेढीवर काय करता येईल?

एकट्याने न पेलणारे काम समूहाने पेलते. दहा हळद व्यापाऱ्यांनी मिळून चाचणीची व्यवस्था केली, पंधरा टॉवेल उत्पादकांनी मिळून परदेशी प्रदर्शनात एक दालन घेतले, तर खर्च वाटला जातो. तिरुपूरच्या रंगाईउद्योगाचा अनुभव येथे उपयोगी आहे. सांडपाण्याने नोय्यल नदी दूषित झाल्यामुळे जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. पुढे पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणारे सामाईक प्रकल्प उभे राहिले, तेव्हाच काम पूर्ववत होऊ शकले. आज स्वच्छ उत्पादनाची ही व्यवस्था परदेशी ग्राहकांस दाखविण्याजोगी ठरली आहे. जलातील जीवांची हिंसा टाळणे आणि निर्यात टिकविणे यांत विरोध नाही, हे तेथे महागात पडून शिकावे लागले. इतरांनी ते स्वस्तात शिकावे.

प्रत्येक पेढीने आपल्या वहीत तीन गोष्टी तपासाव्यात. एकूण विक्रीपैकी किती भाग एकाच ग्राहकाकडे जातो? पाठविलेल्या मालाच्या चाचणीचा दाखला आपल्यापाशी आहे काय? आणि ज्यांनी हा माल घडविला, त्यांचे पैसे किती दिवसांनी दिले जातात? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बाजार कधी ना कधी मागतोच. तिसरा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही, म्हणून तो स्वतःलाच विचारावा लागतो.

दीपावलीस, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, अनेक पेढ्यांवर नव्या वहीचे पूजन होते आणि दुसऱ्या दिवशी वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष सुरू होते. त्याआधीच्या आठवड्यात जुन्या वहीतील कारागिरांची आणि लहान पुरवठादारांची देणी एकेक करून चुकती करावीत. ज्यांची नावे पेटीवर येत नाहीत, त्यांची नावे थकबाकीच्या पानावर घेऊन नवे वर्ष उघडू नये.